पोर्च, परवानगी आणि उधाण

घर जुनं असणं वेगळं आणि घर ऐतिहासिक असणं वेगळं. जुन्या घराला डागडुजी लागते, ऐतिहासिक घराला परवानगी लागते. जुन्या घरात पाल असते, ऐतिहासिक घरात भूत असतं. जुनं घर बघायला फार तर बँकेचा माणूस येतो. ऐतिहासिक घर बघायला घोडागाडीतून माणसं येतात, आणि नेमकी तुम्ही बनियनवर पोर्चमध्ये चहा पीत असताना येतात.

असल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन आणि सव्हाना या दोन नामवंत शहरांच्या मधे ब्यूफर्ट नावाचं गाव आहे. ते १७११ साली वसलं. अख्ख्या राज्यात त्याच्याहून जुनं एकटं चार्ल्स्टन. गावाचा एक कोपरा पाण्यात घुसला आहे, त्याला सगळे ‘पॉइंट’ म्हणतात. समोरच्या पाण्याला इथे नदी म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती सरळसरळ खाडी आहे. पाणी खारट, दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि उतरलं की मैलभर चिखल उघडा पडतो. बायकोला इथल्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. माझं काम संगणकावरचं, म्हणजे जिथे वीज आणि इंटरनेट तिथे बसायचं. १९७३ साली गावाचा हा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झाला. त्यात वीज आली आहे. इंटरनेटही येतं, पण भिंतींना ते अजून मान्य नाही.

इथे येऊन पहिली गोष्ट कळते ती म्हणजे आपण नवे आहोत. ती विसरू मात्र कोणी देत नाही. नव्या माणसाला इथले लोक नोकरी विचारत नाहीत, घराणं विचारतात. आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात. चाळीसेक वर्षं त्या या गावात आहेत, चर्चच्या भजनात पहिल्या रांगेत असतात, त्यांच्या हातचा पीचचा पाय गावात प्रसिद्ध आहे. पण मूळच्या त्या सव्हानाच्या, म्हणजे गाडीनं तासाभराच्या अंतरावरच्या. त्यामुळे शेजारच्या आजी अजूनही त्यांची ओळख ‘आमच्याकडे आलेल्या’ अशी करून देतात. आम्ही तर सव्हानाहून बरेच पलीकडचे. आमचं घराणं विचारल्यावर आईनं सांगितलं, “हर्णैचे.” शेजारच्या आजींनी ते गांभीर्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते चार्ल्स्टनच्या वर येतं का?”

आई दर वर्षी येते आणि उन्हाळा संपून वादळं सुरू झाली की जायच्या गोष्टी करते. ती हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत वाढलेली बाई. शिकागोला माझ्या भावाकडे गेली तेव्हा तिथला तलाव बघून म्हणाली होती, “एवढं पाणी आणि वास कसा नाही?” इथे पहिल्या दिवशी गाडीतून उतरली तेव्हा ओहोटी होती. चिखलाचा तो प्रसिद्ध वास, गवत कुजून होणारा गंधकाचा, चारी बाजूंनी आला. नवीन पर्यटक या वासानं गॅस गळतोय का म्हणून विचारतात. आईनं खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “बरं आहे हो गाव.”

पण घर बघितल्यावर मात्र तिनं कपाळाला हात लावला. पॉइंटवरची जुनी घरं जवळजवळ सगळी दक्षिणेकडे तोंड करून उभी आहेत. कारण वाऱ्याचं आहे. इथला उन्हाळा दमट आणि नेहमीचा वारा दक्षिणेच्या बाजूनं येतो. म्हणून घरं इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची बांधली, म्हणजे जास्तीत जास्त खोल्यांना तीन बाजूंनी वारा मिळावा. खाली-वर दोन्ही मजल्यांना रुंद पोर्च दिले आणि सगळा डोलारा पुरुषभर उंच जोत्यावर चढवला. एअर कंडिशनर यायच्या आधीचं हे शास्त्र आहे आणि वीज गेली की आजही चालतं. आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “ते ठीक आहे. पण दक्षिणमुखी घर! यमाची दिशा!” मी म्हटलं, अगं इथे सगळ्यांचीच घरं दक्षिणमुखी आहेत. तेवढ्यात घरमालकीणबाई स्वागताला वर आल्या आणि या गल्लीतल्या कुठल्या घरात कोणाचं भूत आहे ते प्रेमानं सांगू लागल्या. प्रत्येक घरात एक तरी निघालं. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

भुतांच्या बाबतीत या गावाचं धोरण आपल्याहून वेगळं आहे. कोकणात घरात भूत आहे म्हटलं की घराची किंमत पडते. इथे वाढते. घर विकायला काढताना भुताचा उल्लेख जाहिरातीत नसला तरी बोलण्यात येतोच, आणि ज्या घराला भूत नाही त्याच्याकडे लोक जरा दयेनं बघतात. अर्थात भुतं हवी असली तरी ती आवारात हवीत, बिछान्यात नकोत. त्यासाठी पोर्चच्या छताला फिकट निळा रंग देतात. ही मूळची समजूत इथल्या गुल्ला लोकांची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांची. भुताला निळं छत पाण्यासारखं वाटतं आणि भूत पाणी ओलांडत नाही. त्यांच्याकडून ती गोऱ्यांनी घेतली, त्यांच्याकडून रंगाच्या कंपन्यांनी. घरमालकीणबाईंनी हे सांगितल्यावर मी ते आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “आमच्याकडची पोहून येतात.” हे मी त्यांना इंग्रजीत सांगितलं नाही. तळमजल्यावर एकट्या राहतात.

आता परवानगीचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट कुजली. खाऱ्या हवेत लाकूड कुजणारच. घर शंभर वर्षांच्या आतलं असतं तर सुतार आला असता, चौकट बसवून, चहा पिऊन गेला असता. पण हे घर १८५०च्या सुमाराचं. जुन्या भागातल्या घराच्या बाहेरच्या अंगाला हात लावायचा तर गावात त्यासाठी समिती आहे, आणि तिच्यासमोर अर्ज, आराखडा, फोटो आणि लाकडाचा प्रकार हे सगळं ठेवावं लागतं. समितीची माणसं अतिशय सभ्य आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की नवी चौकट दिसायला १८५० सालची हवी. बांधकामाचे नियम म्हणतात की ती आजच्या वादळाला टिकायला हवी. आणि घरमालकीणबाई म्हणतात की ती त्यांच्या पेन्शनमध्ये बसायला हवी. या तिन्ही अटी पुऱ्या करणारं लाकूड कोणत्या जंगलात मिळतं याचा शोध चालू आहे. खिडकीच्या जुन्या काचा मात्र कोणी बदलू देत नाही. त्या हातानं केलेल्या, म्हणून लहरी आहेत. त्यांच्यातून बघितलं की समोरून चालत येणारा माणूस आधी जाड होतो, मग बारीक होतो, मग दारात येऊन बेल वाजवतो. आईनं कुजलेल्या चौकटीवर उपाय सुचवला होता: निळी ताडपत्री. घरमालकीणबाईंनी तो ऐकून घेतला, हसल्या आणि म्हणाल्या की आई फारच कल्पक आहेत. दक्षिणेत नकार असा देतात.

तक्रारही तशीच करतात. आईनं लसणाची फोडणी दिलेल्या दिवशी संध्याकाळी एक शेजारी फाटकाशी थांबले. “काय सुरेख वास! थेट माझ्या झोपायच्या खोलीपर्यंत येतो,” म्हणाले. आईला अर्थ सांगितला नाही. तिनं लगेच वाटीभर आमटी पाठवली. त्यांनी ती खाल्ली, वाटी धुऊन परत केली, आणि आता वास आला नाही तर चौकशीला येतात.

मुख्य त्रास, किंवा मुख्य करमणूक, घोडागाडीची. पर्यटकांना बसवून एक घोडा रोज गल्लीतून जातो. घोडा शांत आहे. प्रत्येक घरासमोर तो आपणहून थांबतो, कारण गाइड काय बोलणार आणि किती वेळ बोलणार हे त्याला पाठ आहे. आम्हाला नाही, कारण दर गाइडचा इतिहास निराळा. सकाळच्या फेरीत आमच्या पोर्चमध्ये यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैन्याचा एक अधिकारी बसायचा. दुपारच्या फेरीत तोच अधिकारी जिन्यावर मरतो. एका संध्याकाळी तर तो एका मुलीच्या प्रेमात पडून परत न गेल्याचं ऐकलं आणि मला बरं वाटलं. अलीकडे गोष्टीच्या शेवटी एक वाक्य वाढलं आहे: “सध्या इथे एक भारतीय कुटुंब राहतं.” हे ऐकलं की सगळे माना वर करतात. आपण इतिहासात शिरल्याचा आनंद मोठा असतो, पण तेव्हा हातात वर्तमानपत्र आणि पायात वेगवेगळ्या रंगांच्या स्लिपर असू नयेत.

आईला या गाडीचं पहिल्यापासून वाईट वाटतं. “दारापर्यंत आलेली माणसं अशीच परत जातात. चहा तरी विचारावा,” असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, त्यांनी पैसे भरलेत, ते पाहुणे नाहीत. ती म्हणाली, “पैसे भरून आलेत आणि चहा पण नाही?” एकदा तिनं आपली निळी नऊवारी वरच्या पोर्चच्या कठड्यावर वाळत घातली. कठडा लांब, लुगडं लांब, एकमेकांना शोभून दिसत होतं. गाडी थांबली. गाइडला क्षणभर काही सुचेना. मग त्यानं मोठ्या आवाजात सांगितलं की हे गावाच्या निळीच्या व्यापाराची आठवण म्हणून लावलेलं वस्त्र आहे. टाळ्या पडल्या.

गंमत अशी की तो पूर्ण चुकला नव्हता. अठराव्या शतकात या किनाऱ्यावर नीळ पिकायची. इंग्लंडच्या कापडगिरण्यांना ती हवी असे, म्हणून सरकार तिच्यावर अनुदान देई, आणि इथल्या मळेवाल्यांची पहिली मोठी कमाई त्यातून झाली. मग अमेरिका स्वतंत्र झाली, अनुदान बंद झालं, आणि इंग्रजांनी नीळ दुसरीकडे पिकवायला घेतली. कुठे? बंगालात. पुढे बिहारात चंपारणला काय झालं ते आपण शाळेत वाचलेलं आहे. इथल्या मळेवाल्यांनी नीळ सोडून लांब धाग्याचा कापूस लावला आणि त्या कापसावर ही दक्षिणमुखी घरं उभी राहिली. एका लुगड्यावरून एवढं सगळं त्या पर्यटकांना सांगता आलं असतं. पण घोडा पुढे निघाला होता.

गावाला दुसरी कीर्ती आहे ती सिनेमाची. पॉइंटवरच्या ‘टायडलहोम’ नावाच्या घरात ‘द बिग चिल’चं चित्रण झालं, त्याला चाळीस वर्षं उलटली. अजून लोक त्या घराच्या फाटकापाशी येऊन उसासे टाकतात. पण खरी ऐट ‘फॉरेस्ट गम्प’ची. त्यातला नायक धावत धावत मिसिसिपी नदीवरचा म्हणून जो पूल ओलांडतो, तो आमचा वुड्स मेमोरियल पूल. त्यातलं व्हिएतनामसुद्धा आमच्याच पलीकडच्या बेटांवरचं. त्यामुळे इथल्या माणसाला मिसिसिपी आणि व्हिएतनाम दोन्ही अर्ध्या तासात बघून जेवायला घरी येता येतं. पुलामुळे आणखी एक सोय आहे. उंच डोलकाठीची बोट आली की या पुलाचा मधला भाग आडवा फिरतो आणि रस्ता बंद होतो. गावात उशिराचं सर्वमान्य कारण त्यामुळे एकच: पूल उघडा होता. शाळेत चालतं, चर्चमध्ये चालतं, दंतवैद्याकडे चालतं. ज्यांचं घर पुलाच्या अलीकडेच आहे तेही ते सांगतात आणि कोणी उलटतपासणी करत नाही.

निसर्गाबद्दल पर्यटकांना जे दाखवतात ते खरं आहे, फक्त अपुरं आहे. रस्त्यावर ओकची प्रचंड झाडं एकमेकांत फांद्या गुंतवून उभी आहेत आणि त्यांच्यावरून करड्या रंगाच्या जटा लोंबतात. त्यांना शेवाळ म्हणतात, पण ती वनस्पती अननसाच्या कुळातली आहे. झाडाचं काही शोषत नाही, नुसती हवेवर आणि पावसावर जगते. पूर्वी वाळवून गाद्यांमध्ये भरत. आईचं म्हणणं, ती जळमटं आहेत आणि या लोकांकडे दिवाळी नसल्यामुळे ती राहून गेली आहेत. संध्याकाळी वारा पडला की दिसतही नाहीत असे बारीक चावरे किडे येतात. एकदा तर गाडीतले सगळे पर्यटक माना, कान आणि पोटऱ्या बडवू लागले. गाइडनं त्यांना इतिहास सांगायचा सोडला नाही, फक्त थोडा भरभर सांगितला. याशिवाय जवळच मरीन सैनिकांचा विमानतळ आहे. लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की पॉइंटवरचं सगळं संभाषण वाक्याच्या मध्यावर थांबतं आणि नंतर त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. समितीचा अधिकार छपरापर्यंतच आहे.

आईची गावात खरी पत वाढली ती उधाणामुळे. इथे भरती-ओहोटीत सात-आठ फुटांचा फरक पडतो. शरद ऋतूत पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास पाणी आणखी चढतं, आणि सखल रस्त्यांवर गटारातून उलटं वर येतं. आकाश निळंभोर, पाऊस नाही, आणि रस्त्यावर घोटाभर खारं पाणी. शेजारी मोबाइलवर सरकारी तक्ते बघतात. आईनं स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. आपल्याकडचा जुना हिशेब असा की तिथीला पाऊणानं गुणायचं, येईल त्या तासाला भरती पूर्ण. तिनं तो इथे लावून बघितला आणि तो काही तासांनी चुकला. चंद्र तोच असला तरी प्रत्येक बंदराला भरती आपापल्या वेळेला पोचते, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. आठवडाभर तिनं पोर्चमधून पाण्यावर नजर ठेवली, फरक काढला आणि हिशेब दुरुस्त केला. नंतर एका संध्याकाळी पलीकडच्या गृहस्थांना म्हणाली, “उद्या अमावास्या. गाडी वर लावा.” मी भाषांतर केलं. त्यांनी लावली नाही. सकाळी त्यांच्या गाडीच्या पायपुसण्यावर एक खेकडा होता. तेव्हापासून गल्लीत कुठलाही समारंभ ठरला की आधी आईला तारीख विचारतात. आमच्या घरमालकीणबाईंनी आपल्या पुतणीच्या बागेतल्या लग्नाची तारीख आईच्या सल्ल्यानं अष्टमीला घेतली. त्यांना वाटतं तो मुहूर्त होता. आईला तो भांगाचा दिवस होता. पाणी कमी चढतं, खुर्च्या भिजत नाहीत.

जेवणाच्या बाबतीत मात्र आईचे मतभेद कायम आहेत. कोळंबी, मक्याची कणसं, बटाटे आणि सॉसेज हे सगळं एका प्रचंड पातेल्यात उकडतात आणि टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर सरळ ओततात. त्याला पलीकडच्या बेटावरच्या एका वस्तीवरून फ्रॉगमोर स्ट्यू म्हणतात. पहिल्यांदा ते ओतलेलं बघून आईनं मला हळूच विचारलं, “ताटं संपली का यांची?” हिवाळ्यात कालवं भाजतात. पत्र्यावर कालवं, वर ओलं गोणपाट, खाली जाळ. आई हातात सुरी घेऊन बसली आणि इतरांची दोन उघडेपर्यंत तिची डझनभर झाली होती. एवढं सगळं जमतं, नारळ मिळतो, भात तर हे लोक आपल्याइतकाच खातात, मग वाटण का लावत नाहीत, हा तिचा प्रश्न अनुत्तरित आहे.

कालवांच्या टरफलांचं पुढे काय होतं ते या घरांच्या जोत्यांत दिसतं. या बेटांवर दगड नाही. आपल्याकडे जांभा खणून काढता येतो, इथे खणलं की वाळू लागते आणि मग पाणी. म्हणून टरफलं जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आणखी टरफलं घालायची आणि फळ्यांच्या साच्यात थर ठोकत भिंत चढवायची. आमच्या जोत्यावर हात फिरवला की शिंपल्यांच्या कडा लागतात. ती टरफलं वेचणारे, जाळणारे आणि ठोकणारे हात गुलामांचे होते. घराच्या पाटीवर मूळ मालकाचं नाव आहे. गाइडच्या गोष्टीत मालक, त्याची मुलगी आणि तो अधिकारी आहे. जोतं कोणी ठोकलं ते कित्येक वर्षं कुठल्याच फेरीत नव्हतं. अलीकडे येऊ लागलं आहे.

ही घरं टिकली कशी, हीसुद्धा गमतीची गोष्ट आहे. यादवी युद्धात ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमारानं जवळची खाडी जिंकली, आणि बातमी येताच गावातली गोरी कुटुंबं चांदी-सामान गोळा करून पळाली. उत्तरेचं सैन्य आलं तेव्हा घरं उघडी होती. त्यांनी ती जाळली नाहीत, त्यांत रुग्णालयं आणि कचेऱ्या थाटल्या. दक्षिणेतली कितीतरी गावं लढून बेचिराख झाली. हे गाव पळून गेल्यामुळे वाचलं. फिरत्या गाडीवर हे शौर्यकथा म्हणून सांगणं अवघड आहे, पण गाइड प्रयत्न करतात.

खरं शौर्य आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रिन्स स्ट्रीटवरच्या एका घरामागच्या खोलीत १८३९ साली रॉबर्ट स्मॉल्स हा मुलगा गुलाम आईच्या पोटी जन्मला. तेविसाव्या वर्षी तो चार्ल्स्टनला ‘प्लँटर’ नावाच्या लष्करी बोटीवर सुकाणू धरत होता. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना त्यानं कप्तानाची टोपी डोक्यावर घातली, बायकोमुलांना आणि सोबत्यांना बोटीत घेतलं, आणि नेमक्या इशाऱ्याच्या शिट्ट्या देत सगळ्या किल्ल्यांच्या तोफांसमोरून बोट उत्तरेच्या आरमाराकडे नेली. पुढे तो पाच वेळा अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला. पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. कर न भरल्यामुळे सरकारनं पळालेल्यांची घरं लिलावात काढली, तेव्हा ज्या घराच्या मागे तो गुलाम म्हणून जन्मला तेच घर त्यानं विकत घेतलं आणि पुढच्या दारानं आत राहायला गेला. जुन्या मालकीणबाई म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन ‘आपल्या’ घरी परत आल्या, तेव्हा त्यानं त्यांना ठेवून घेतलं, असं गावात सांगतात.

वादळाचा इशारा आला की या सगळ्याची उजळणी होते. २०१६ साली मॅथ्यू आलं, २०१७ साली इर्मा आली, आणि दर वर्षी कोणी ना कोणी येऊ का म्हणून विचारतं. सरकार सांगतं, गाव सोडा. शेजारच्या आजी सांगतात, “हे घर १८९३ च्या वादळातून उभं राहिलंय.” खरं आहे. पण त्या ऑगस्टमध्ये या बेटांवर अंदाजे दोन हजार माणसं मेली, बहुतेक सखल बेटांवरच्या झोपड्यांतली काळी माणसं. क्लारा बार्टन रेड क्रॉसची मंडळी घेऊन आल्या आणि महिनोन्‌महिने इथे राहिल्या. उंच जोत्यावरची घरं टिकली आणि त्यांना पाट्या लागल्या. ज्या घरांचं काहीच उरलं नाही त्यांना पाटी कुठे लावणार? म्हणून आम्ही घराच्या वयावर भरवसा न ठेवता सामान भरतो. आईनं एकदा ओक फुटेपर्यंत वादळ बघायची तयारी दाखवली होती, पण घरमालकीणबाईंनी पीच पायचा डबा आधीच गाडीत ठेवला होता, त्यामुळे तीही बसली.

इतकं होऊन हे घर सोडावंसं वाटत नाही, आणि त्याचं कारण नदीवरचा सूर्यास्त नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये माणूस स्वतःला मालक समजतो. इथे तो गैरसमज टिकत नाही. नीळवाला, कापूसवाला, पळालेला, लिलावात घेणारा, सैनिक, समिती, भूत, सगळ्यांचा या घरावर आपल्याआधीचा हक्क आहे, आणि चिखलाचा तर सगळ्यांच्या आधीचा. आपण भाडेकरू; जो घराची किल्ली घेऊन फिरतो तोही भाडेकरूच.

तेव्हा अशा ठिकाणी घर विकत घ्यायचा विचार असेल तर आधी भाड्यानं राहून बघा, आणि वरचा मजला घ्या. नुसतं बघायला यायचं असेल तर नोव्हेंबरात या. किडे कमी असतात, कालवं ताजी असतात. गाइडनं सांगितलेल्यापैकी अर्धं सोडून द्या, पण स्मॉल्सच्या घरासमोर गाडीतून उतरा. पोर्चमध्ये कोणी बनियनवर दिसलं तर फोटो काढू नका, हात करा. आई घरी असेल तर चहा मिळेल. आणि येण्याआधी कॅलेंडर बघा. अमावास्या असेल तर गाडी वरच्या रस्त्याला लावा.